शाकारलेली मोटार

मी हमदुल्ला तांडेलांची मोटार. तुमच्या मनात काय आलं ते न सांगताही मला कळतं, कारण इतकी वर्षं मी तेच ऐकत आले आहे. "ही? एवढीशी?" चौलच्या नाक्यावर मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा केळीवाल्या गोदूनंही हेच विचारलं होतं. वर ती म्हणाली की मोठी मागून येत असेल, ही तिची पोर दिसते. मागून कोणी आलं नाही. आहे ती मीच.

जन्म माझा विलायतेचा. तिथल्या एका कारखान्यात आम्ही बहिणी रांगेनं जन्माला येत होतो. नाक, डोळे, अंगाचा रंग, सगळं एकाच मापाचं. शाळामास्तराला, कारकुनाला, चार माणसांच्या घराला परवडावी म्हणून आम्हाला मुद्दाम लहान केलं होतं. माझ्यात सात घोड्यांचं बळ आहे असं म्हणतात. भागोजीचं म्हणणं, त्यातले दोन लंगडे असावेत, चढ लागला की कळतं. हा भागोजी कोण ते पुढे येईलच.

लाकडी खोक्यात बसून मी मुंबईला उतरले आणि गिरगावातल्या एका वकिलांच्या दारात उभी राहिले. तेव्हा ते सडपातळ होते. पुढे त्यांची वकिली आणि त्यांचं पोट जोडीनं वाढत गेलं. एके दिवशी कोर्टाच्या दारात त्यांना माझ्यातून उतरता येईना. दोन पट्टेवाल्यांनी दोन हात धरून ओढलं तेव्हा कुठे सुटका झाली. वाढलं होतं त्यांचं पोट, पण घराबाहेर काढलं ते मला. माणसांचा न्याय असाच असतो, त्यावर मी फार दिवस रुसून बसले नाही.

हमदुल्ला तांडेल त्या सुमारास आपलं गलबत घेऊन भाऊच्या धक्क्याला आले होते. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य. उभा जन्म त्यांनी चौल-रेवदंड्याचे नारळ आणि सुपाऱ्या मुंबईला पोचवण्यात घालवला होता. आता आगबोटींनी आणि लॉऱ्यांनी माल पळवला होता, गुडघेही कुरकुरत होते, म्हणून गलबत विकायचं त्यांनी ठरवलं होतं. ती त्याची शेवटची खेप, आणि परतीचा माल होते मी. खाली काथ्याची गादी, चारी बाजूंनी दोर, तोंड नाळेकडे, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाकडे. रेवदंड्याचं बंदर येईपर्यंत तांडेलांनी माझ्या अंगावर ठेवलेला हात काढला नाही.

मला वाटतं, घोटाळा तिथेच झाला. जी गलबतातून आली तिची जात गलबताचीच, असं तांडेलांच्या मनानं घेतलं. माझ्या चाकाला, म्हणजे हातातल्या, ते सुकाणू म्हणू लागले. माझ्या नाकाला नाळ, आणि भागोजीला खलाशी. गलबतावरचा कंदील माझ्या पुढ्यात टांगला गेला. चढावर थांबायचं तर भागोजीनं खाली उडी मारून मागच्या चाकाला धोंडा लावायचा, आणि त्या धोंड्याचं नाव नांगर. "नांगर टाक" अशी हाक ऐकली की रस्त्यानं जाणारे लोक थांबून इकडेतिकडे पाणी शोधत.

मला का घेतलं, हे तांडेल विचारणाऱ्याला सांगत आणि न विचारणाऱ्यालाही सांगत. "थोडं खाते," हेच एक उत्तर. पेट्रोलच्या एका डब्यात ही अलिबागेला जाऊन येते, परत जाऊन येते, आणि तरी पोटात शिल्लक राहतं. बैलांचं तसं नाही. बैल उभे राहिले तरी खातात. मशिदीतून बाहेर पडताना, वाण्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, तांडेल माझ्या भुकेचं कौतुक सांगत बसत. एखाद्या घरच्या सुनेचं इतकं कौतुक झालं तर ती हवेत चालेल.

पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण मला भागोजीकडून कळलं. मला धुताना त्याला बोलायची सवय आहे.

हा भागोजी आधी तांडेलांची दमणी हाकायचा. दमणी म्हणजे बायकांसाठी पडदे लावलेली बैलगाडी. तांडेलांची एकुलती एक लेक जहुरा अलिबागेत दिलेली. तिचा नवरा रफिक, त्याचं कापडाचं दुकान. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा रिवाजाप्रमाणे सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायला भागोजीची दमणी गेली. रस्ता खडीचा आणि खड्ड्यांचा. पोर दात आवळून बसली, बोलली काही नाही. माहेरी पोचली आणि दोन दिवसांनी सगळं संपलं. मूल गेलं.

"बैल माज्याच हातात व्हते," भागोजी माझं नाक पुसत म्हणाला होता, "नि दमनीबी." त्यानंतर तो बराच वेळ तीच जागा पुसत राहिला. त्याला कोणी बोल लावला नव्हता. त्यानं आपणहून बैल विकायला लावले, दमणी फणसाखाली उभी केली, आणि पुढच्याच वर्षी तांडेल मला घेऊन आले. "थोडं खाते" हे लोकांना सांगायला होतं. मला आणलं ते जहुरासाठी.

चौलला माझे दिवस मजेत गेले हे कबूल केलं पाहिजे. माझ्यात चार माणसं बसतात. चौलच्या हिशेबात मात्र चार म्हणजे मोठी चार, पोरं वेगळी, मांडीवरची वेगळी, आणि पायफळीवर उभे राहणारे तर धरायचेच नाहीत. बसताना प्रत्येक जण म्हणायचा, मला काय, एवढीशी जागा पुरे. मग पाय पसरायचा. एकदा नागावच्या लग्नाला जाताना माझ्यात किती जण होते ते मी सांगत नाही, तुमचा विश्वास बसणार नाही. वर दोन फणस होते, आणि त्यांना मात्र सगळ्यांनी जपून धरलं होतं.

तांडेलांची बायको झुबेदाबी गोशातल्या. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला फुलाफुलांच्या चादरीचे पडदे शिवले. पडद्याला त्यांनी बोटभर फट ठेवली होती, आणि त्या फटीतून अलिबागपर्यंतचा सगळा रस्ता त्यांनी पाठ केला होता. कुठे खड्डा, कुठे वळण, कुणाच्या अंगणात नवी सून आली, सगळं त्यांना ठाऊक. मी दारात उभी असले की गोदू माझ्या नाकावर पापड वाळत घालायची. ऊन आणि इंजिनाची ऊब, दोन्हीकडून वाळतात म्हणायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. घरच्या वस्तूंवरच माणसं असा हक्क दाखवतात.

आणि मग ज्येष्ठ महिना आला.

तुम्ही किनाऱ्यावरचे नसाल तर सांगते. पावसाळ्याच्या तोंडावर इकडे होड्या, मचवे, गलबतं सगळी वर ओढून घेतात. खाली ओंडके लावायचे, अंगाला माशाचं तेल चोपडायचं, आणि वरून झाप, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, घालून सगळं झाकून टाकायचं. याला शाकारणं म्हणतात. ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. पुनवेला समुद्राला नारळ दिला की मग होड्या पाण्यात. त्याआधी शहाणा माणूस पाण्यात होडी घालत नाही.

तांडेलांनी आकाशाकडे पाहिलं आणि मला शाकारलं.

ओंडक्यांवर चढवलं. चारी चाकं काढली, काथ्यानं आवळून खोपीच्या आढ्याला बांधली. मुशी माशाच्या यकृताचं तेल आणून नाकापासून शेपटीपर्यंत, वरून आणि खालून, इंजिनातल्या तारांनासुद्धा स्वतःच्या हातानं चोपडलं. त्या वासाचं वर्णन मी करत नाही. त्या महिन्यात पार रेवदंड्यापासूनची मांजरं माझ्या दर्शनाला येऊन गेली. वर झाप टाकले, आणि मी पावसाळाभर अंधारात बसले. मागच्या बाकावर कोंबडीनं संसार थाटला.

गाव पोट धरून हसलं. कुणी विचारी, तांडेल, मोटार पोहते का? कुणी सांगे, अवो, रस्त्याला कुठलं उधाण? बाबाजी वाण्यानं तर दुकानातल्या पाटीवर खडूनं रस्ता काढून त्यांना समजावलं की हा जमिनीवरच असतो. तांडेल सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी एवढंच म्हणत, "पुनव झाल्याबिगर न्हाय." मीही हसले, खोटं कशाला सांगू. माझ्या जातीला असं झाकून ठेवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

मग झापांच्या फटीतून माझी नजर आढ्याकडे गेली. माझ्या चाकांच्या शेजारी एक वल्हं बांधलेलं होतं, जुनं, उन्हापाण्यानं पांढरं पडलेलं. ते तिथे का, हेही भागोजीनंच सांगितलं. तांडेलांचा धाकटा भाऊ अहमद. मुंबईला सुपारीला चांगला भाव आला म्हणून पुनवेच्या आधीच तो मचवा घेऊन निघाला, आणि खाडीच्या तोंडाशीच मचवा उलटला. तांडेल भर उधाणात लहान होडी घेऊन शोधत फिरले. भाऊ मिळाला नाही. मिळालं ते वल्हं. तेव्हापासून ज्याच्यात आपलं माणूस बसतं असं काहीही पुनवेआधी घराबाहेर काढायचं नाही, असं त्यांच्या मनानं धरलं.

ते कळल्यावर मी त्यांना हसले नाही. पण गाव हसत राहिलं, कारण अहमदचं नाव तांडेलांसमोर कोणी काढत नसे.

दुसऱ्या वर्षीही मी अशीच शाकारलेली होते. आषाढ संपत आला होता. एका दुपारी रफिक अलिबागेहून चालत आला, गुडघ्यांपर्यंत चिखल, छत्री उलटी झालेली. जहुराला पुन्हा दिवस गेले होते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो निरोप घेऊन आला होता. त्याच्या आईनं सांगितलं होतं की सून माहेरी न्यायची तर न्या, पण दमणीत पाऊल ठेवू देणार नाही. मोटार आणा, नाहीतर राहू द्या. समुद्र बंद, मचवे बंद, तेव्हा मोटारीवाचून दुसरी वाट नव्हती. आणि सातवा महिना सरत आला होता. आठवा लागला की गरोदर बाईला हलवत नाहीत, ही रीत दोन्ही घरांची.

"आनि जहुरा काय म्हनते?" झुबेदाबींनी पडद्याआडून विचारलं.

रफिकनं मान खाली घातली. ती रात्रभर जागी असते, तो म्हणाला, भिते, मागचं आठवतं. आई पाहिजे म्हणते.

तांडेल ओटीवर बसले होते. ते म्हणाले, पुनव झाली की पुनवेच्याच दिवशी येतो. रफिक म्हणाला, तोवर आठवा लागेल. मग नववा लागू दे, तांडेल म्हणाले. रफिक जावई माणूस, सासऱ्याला उलट बोलणं त्याला शोभणारं नव्हतं. तरी तो हळूच म्हणाला की मोटारीला कसली भरती आणि कसली ओहोटी. तांडेल उठून मशिदीत गेले आणि रफिक आला तसा परत गेला.

पुढचे दोन दिवस घरात भांड्यांखेरीज कुणी बोललं नाही. मला माझ्या झापांखालून सगळं ऐकू येत होतं, आणि पहिल्यांदाच मला आढ्याला टांगलेल्या माझ्या चाकांची लाज वाटली. ज्या कामासाठी मला समुद्रावरून आणलं ते काम दारात येऊन उभं होतं आणि मी ओंडक्यांवर बसून कोंबडीची अंडी उबवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी माझ्यावरचे झाप ओढले. झुबेदाबी होत्या. त्यांनी कोंबडीला हुसकलं, दार उघडलं आणि मागच्या बाकावर बसल्या. पडदे लावले नाहीत. मांडीवर एक गाठोडं होतं, त्यात गोधडी आणि मेथीचे लाडू. बिनचाकाच्या मोटारीत ती बाई अशी बसून होती की जणू कुणी आता हँडल मारणारच आहे.

तांडेल खोपीत आले आणि तिथेच थबकले. काय करतेस, म्हणाले.

"पोरीला आनायला चाललेय."

"चाकं न्हाईत तिला."

"ठाव हाय."

तांडेल काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात झुबेदाबींनी आढ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत जे नाव त्या घरात कुणी काढलं नव्हतं ते त्यांनी घेतलं.

"अहमदभायचा मचवा उलटला तवा तुमी पुनव बगितली व्हती?"

तांडेलांची नजर वल्ह्यावर गेली.

"खाडीला उधान व्हतं. मी तुमचा हात धरला व्हता. तुमी हात सोडवलात नि होडी लोटलीत."

"घावला न्हाय तो," तांडेल म्हणाले.

"न्हाय घावला. तो कुठं हाय ते कुनालाच ठाव नव्हतं, तरी तुमी गेलात. जहुरा कुठं हाय ते आपल्याला ठाव हाय."

बाहेर पाऊस पडत होता. तांडेलांनी कोपऱ्यातली शिडी घेतली, आढ्याला लावली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी वर चढले. आधी त्यांनी वल्हं सोडलं. मग माझी चाकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी बघून आम्ही निघालो. भागोजीला मी इतका नीटनेटका कधी पाहिला नव्हता. त्यानं हँडल मारलं, मी दोनदा शिंकले आणि सुरू झाले. अंगाला वास असा की नागावच्या वेशीपर्यंत दोन मांजरं सोबतीला होती. लोक दारात आले. कुणी विचारलं, तांडेल, पुनव झाली काय? तांडेल सुकाणू दोन्ही हातांनी धरून बसले होते.

गलबत हाकावं तसंच ते मला हाकत होते, हे खरं. पण त्या दिवशी त्याचा अर्थ मला कळला. लाट अंगावर घ्यायची नाही, तिच्या कडेनं जायचं. खड्डा आला की थांबायचं, भागोजीनं उतरून बघायचं, मग एक चाक, मग दुसरं. मागून झुबेदाबी सांगत, आता वडाखालचा, आता विहिरीजवळचा. फटीतून पाठ केलेला रस्ता त्यांना कामी आला. कुणीही चालत आमच्या पुढे जाऊ शकत होतं, आणि बरेच जण गेलेही.

अलिबागेत जहुरा दारातच उभी होती. ती बापाकडे बघून हसली, आणि मग आईच्या गळ्यात पडून रडली. तिच्या सासूनं मात्र आम्हाला लवकर सोडलं नाही. खाऊन जा, एवढं घ्या, तेवढं घ्या, पोरीची दृष्ट काढते. माणसांना निरोप द्यायला सुरुवात करायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट तो संपवायला लागतो. तांडेल पुन्हा पुन्हा खाडीकडे बघत होते. निघेपर्यंत भरती लागली होती.

अर्ध्या वाटेवर एक सखल जागा आहे. सकाळी तिथे नुसता चिखल होता. आता खाडीचं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि रस्त्याची कड दिसत नव्हती. तांडेलांनी मला थांबवलं. परत फिरावं तर मागेही पाणी चढत होतं. गावाला जे कधी पटलं नव्हतं ते पुढ्यात पसरलं होतं. रस्त्यालाही उधाण येतं.

तांडेलांनी पायाशी ठेवलेलं वल्हं उचललं आणि भागोजीच्या हातात दिलं.

"फुडं चाल," ते म्हणाले. "तळ बग. माज्याशी बोलत ऱ्हा."

भागोजी पाण्यात उतरला. वल्हं टेकवत, चाचपत तो पुढे चालला आणि ओरडून सांगू लागला, पोटरीभर, पोटरीभर, डावीकडं नको, गुडघ्याखाली. मी त्याच्या मागून. पाणी माझ्या पायफळीला लागलं, मग वर आलं. आत जहुरानं आईचा हात गच्च धरला. मध्यावर मला खोकला आला. एकदाच. पाणी इंजिनात शिरून तारांपर्यंत पोचलं होतं. तिथे त्याला तांडेलांनी चोपडलेलं ते घाणेरडं तेल भेटलं आणि ते परत गेलं. त्या तेलाला मी इतके दिवस नावं ठेवत होते.

तेवढ्यात मागच्या बाकाखालून कोंबडी ओरडली. आदल्या दिवशी हुसकलेली ती बया कधी परत येऊन बसली होती कोण जाणे. सबंध अलिबाग पाहून ती आमच्याबरोबर परत चालली होती आणि आता पाय भिजले म्हणून तक्रार करत होती. जहुराला हसू फुटलं. झुबेदाबींनाही. तांडेल मागे न बघता म्हणाले, कोन हाय ते, आनि तिचं भाडं कुनी दिलं? हसता हसता आम्ही कोरड्या रस्त्यावर चढलो.

भागोजी वल्हं छातीशी धरून रस्त्यातच बसला. जहुरा पडद्याबाहेर वाकून त्याला म्हणाली, "भागोजीदादा, या टायमाला एकबी हिसका न्हाय बसला." त्यानं मान हलवली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

नऊ महिने पुरे भरून जहुराला मुलगी झाली. तांडेलांच्या आईचं नाव ठेवलं, खतिजा. रडायला लागली की माझा भोंगासुद्धा ऐकू येत नसे.

तुम्हाला वाटेल, तांडेल बदलले. छे. पुढच्या ज्येष्ठात त्यांनी आकाशाकडे पाहिलं आणि मला पुन्हा शाकारलं. तेच ओंडके, तेच तेल, तीच मांजरं. गाव पुन्हा हसलं. फरक पडला तो एवढाच, की चाकं काढली पण आढ्याला बांधली नाहीत. माझ्या शेजारी, हाताला येतील अशी जमिनीवर ठेवली. आणि वल्हं त्यांच्यावर आडवं.

आता मी म्हातारी झाले. अलिबागेला सर्व्हिस मोटारी धावतात, त्यात माणसं दाटीनं बसतात आणि तिथेही म्हणतात, मला काय, एवढीशी जागा पुरे. माझे सातही घोडे आता लंगडे आहेत. तांडेलांना शिडी चढवत नाही. पुनव येते आणि जाते, माझ्यावरचे झाप कुणी काढत नाही. तरी ज्येष्ठ लागला की ते काठी टेकत येतात, तेलाचा डबा उघडतात आणि झाप बाजूला सारून मला तेल लावतात.

परवा खतिजा आजोळी आली होती. आता ती कळती झाली आहे, प्रश्न विचारते. माझ्या बाकावर बसून तिनं भोंगा वाजवून पाहिला आणि आजोबांना विचारलं की ही चालत नाही, मग चाकं इथं कशाला, गोदूची सून मागत होती विहिरीच्या रहाटाला लावायला, देऊन टाका.

तांडेल तेल लावत होते. ते थांबले नाहीत.

"राहू दे," ते म्हणाले. "कुनी हाक मारली तर सोधायला नको."

मला माझं ठाऊक आहे. मी आता सुरू होणार नाही. पण घरच्यांना माझी एक विनंती आहे. उद्या मला भंगारवाल्याला द्याल तेव्हा खुशाल द्या, मी रुसणार नाही, वकिलांवरही रुसले नव्हते. फक्त तोवर माझी चाकं आढ्याला बांधू नका. घरातून कुणी हाक मारली तर ती हाताशी असू द्या, आणि त्या दिवशी पुनव बघू नका.